शिफ्टचा ग्रुप

आमच्या विभागाचा मोबाईलवरचा ग्रुप एकच होता आणि त्याने माझं डोकं पिकवलं होतं. शिफ्ट लावायचं काम माझं. कुणी विचारायचं, "उद्या माझी फर्स्ट शिफ्ट कोण घेतं?" की लगेच खाली कुणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस. मग केक, फुलं, जोडलेले हात. मूळ प्रश्न कुठल्या कुठे. सकाळी मशीन रिकामं आणि साहेब माझ्यावर गरम.

एका रविवारी चिडून बसले आणि दोन ग्रुप केले. जुना शुभेच्छांना, नवा फक्त शिफ्टच्या अदलाबदलीला. नव्यात नियमही घातला: गप्पा नाहीत, ज्याला जमतं त्याने लिहायचं, त्याच्या निरोपावर अंगठा आला की बदली पक्की. वाटलं, सुटले. पण फोन गप्प झाला तरी माझा हात स्वस्थ बसेना. भाजी परतताना, सिग्नलला गाडी थांबली की, उगाच उघडून बघायचं.

अशातच आमच्या जुन्या फिटर काकांचा फोन आला. दिवाळीत निवृत्त झालेले, मूळचे वैजापूरकडचे, आता हर्सूलला मुलाकडे. जुन्या ग्रुपमधून त्यांना कुणी काढलं नव्हतं. आमच्याकडे ग्रुपमधून काढणं म्हणजे लग्नाची पत्रिका न देणं. ते धाडस कोण करणार?

"ताई, नव्या ग्रुपात मला नाय घेतलं व्हय?"

"काका, तो नुसता शिफ्टचा आहे हो. तुम्हाला काय करायचाय?"

"काय नाय. कोण कधी कामावर हाये, तेवढं वाचीत जाईन. बोलणार नाय मी."

राग आला मला. आत्ता कुठे घडी बसत होती. पण नाही म्हणायला जीभ रेटेना. घातलं त्यांना.

काका खरंच बोलले नाहीत. मलाच चैन पडेना. कुठलाही निरोप टाकला की वाचणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचंच. पहाटे टाकला तरी. हा माणूस झोपतो कधी?

मग लग्नसराईत एका संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या फर्स्टला माणूस मिळेना. मी विचारलं, पुन्हा विचारलं. कुणी हूं की चूं करेना. तेवढ्यात काकांनी लिहिलं, "मी येऊ का?"

धडाधड हसरे चेहरे आले. कुणीतरी गमतीत त्याला अंगठा दिला, मग दुसऱ्याने, मग चार-पाच जणांनी. मलाही हसू आलं. शेवटी एकाला फोन करून डबल शिफ्टला राजी केलं आणि मोबाईल पालथा ठेवला.

सकाळी कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरचा फोन.

"मॅडम, काका हर्सूलच्या थांब्यावर उभे हायेत. युनिफॉर्म घातलाय, डबा हाये हातात. म्हणतेत, ग्रुपवर पक्कं झालंय. घेऊ का गाडीत? मागचे हॉर्न मारू लागलेत."

म्हटलं, फोन त्यांच्याकडे द्या. ती चेष्टा होती, हे सांगायलाच हवं होतं. नुसतंच "काका" म्हणाले.

"ताई, कार्ड मी दिवाळीतच जमा केलंय," काका घाईघाईने म्हणाले. "गेटवर तेवढं सांगून ठेवा, म्हणजे अडवणार नायत."

"सांगते," मी म्हणाले.