गाडीचे पेढे

खाली शेजारच्या सावंतांची लेक नव्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढते आहे. गाडी कर्जावर, सोफा कर्जावर, मागचा टीव्हीही. प्रत्येक वेळी पेढे मात्र रोखीचे. "हप्ते काय, फिटतात हो काका," असं म्हणून सावंत आत्ताच पेढे देऊन गेले.

मी निवृत्तीचे पैसे सुरक्षित म्हणून कर्जरोख्यांत घातले. व्याजदर चढले आणि रोख्यांचे भाव घसरले. कर्जाचा हा फुगा फुटणार, असं मी बायकोला रोज सांगतो. खरं तर वाट बघतो. रोखे घेतले तेव्हा पेढे वाटावेत, असं आमच्याकडे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पेढा तोंडात टाकला. निदान शिळा तरी असेल, असं वाटलं होतं. ताजा होता.