शुक्रवारचा आकडा

१२ नोव्हेंबर २००५. मी भिंग लावून कापडाचे धागे मोजत होते. इंचभर मोजायचं आणि त्यावरून अख्खा ताका पारखायचा.

माझ्या लूमच्या कारखान्यामागची खोली ज्या भाडेकरूंना दिली होती, ते हे बघून खूश व्हायचे. ते मुंबईच्या प्रयोगशाळेत यंत्रं जुळवायचे आणि आमच्याकडे कण मोजणाऱ्या काचेच्या पेट्या तपासायचे. त्या पुढे डोंगराखालच्या बोगद्यात बसणार होत्या.

"वैनी, माझं पन असंच हाय. न्यूट्रिनो म्हंजे लई बारीक कण, कोट्यवधी आरपार जातात, एखादाच धडकतो. त्या धडका मोजून सगळा प्रवाह काढायचा."

त्यांना मोजायची सवयच होती. माझ्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा रोज मोजायचे, जणू एखादी रात्रीत वाढणार होती.

त्या दिवशी मात्र त्यांनी आठवड्याचे आकडे लाल पेनानं खोडले. पेटी सोमवारी पाठवायची होती.

"रोज आकडा वर, काल शुक्रवारी एकदम खाली. काल तुमची आठवड्याची सुट्टी, लूम बंद. म्हंजे पेटी तुमच्या मोटारींच्या ठिणग्या मोजत होती!" सांगून स्वतःच खो खो हसले.

"मग लूम बंद ठेवा म्हणायचं की!"

"न्हाय वैनी, कारागिरांची रोजी हाय ती. पुढच्या शुक्रवारी मोजीन."

"आणि सोमवार?"

"चुकंल. पन खोटा आकडा बोगद्यात न्यायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाराही लूमची तेल-सफाई काढली, कारागिरांची पूर्ण हजेरी लावली आणि दुपारपर्यंत मोटारीच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही.