वजा नवरा

टेपकाकूंच्या नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू आहे, ही बातमी सकाळी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिरली आणि दुपारच्या चहाच्या आत सहाव्या मजल्यावर पोचली. इमारतीला लिफ्ट नाही, तरीही.

पाहणारा समोरचा औषधवाला. त्याच्या दुकानाला दोन तोंडं आहेत, एक आमच्या रस्त्याकडे आणि एक मागच्या गल्लीकडे, त्यामुळे बातम्यांच्या बाबतीत तो आम्हा सगळ्यांपेक्षा दुप्पट श्रीमंत. मागच्या गल्लीत बेकरी आहे, बेकरीवर माडी आहे, आणि त्या माडीवर एक बाई नवीनच राहायला आली होती. हे महाशय जिना चढून वर गेले, अर्ध्या तासाने खाली आले आणि उतरता उतरता कमरेचा पट्टा नीट करत होते.

"आणि ओठाला क्रीम लागलं होतं," औषधवाला आवाज खाली आणून म्हणाला.

"कसलं क्रीम?"

"पांढरं."

आता एवढं ऐकल्यावर माणसाने स्वस्थ बसायचं म्हणजे प्रकृतीला अपाय.

महाशय म्हणजे कोण, ते सांगतो. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, बारीक, गरीब चेहऱ्याचा माणूस. बायको दिवसभर "अहो, कात्री द्या", "अहो, गिऱ्हाईक आलंय" असा पुकारा करायची, म्हणून सगळी इमारत त्याला 'अहो'च म्हणते. पोरं 'अहोकाका' म्हणतात. आणि बायको म्हणजे टेपकाकू. तळमजल्यावर त्यांचं शिलाईचं दुकान आहे. गळ्यातला टेप झोपतानाच उतरत असावा, कारण मी तरी त्यांना त्याच्याशिवाय कधी पाहिलेलं नाही.

या बाईने सत्तावन्नाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं. एम.ए.ला! विषय, शाश्वत विकास. कारण काय, तर दुकानातल्या चिंध्यांची पिशवी त्या दर आठवड्याला कचऱ्याच्या गाडीत टाकायच्या. एकदा गाडीवाल्याला त्यांनी विचारलं, "हे पुढे जातं कुठे?" तो म्हणाला, "लांब." तेवढं उत्तर आपल्याला पुरलं असतं. काकूंना पुरलं नाही. लांब म्हणजे कुठे, हे शोधत शोधत त्या थेट विद्यापीठाच्या दारात.

"पण शाश्वत विकास म्हणजे नक्की काय हो काकू?" मी मुद्दाम छेडलं होतं.

"लहान मुलाचा कपडा बेतताना शिवणीत मार्जिन ठेवतो ना? उद्या मूल वाढणार म्हणून. तसंच. आज कापायचं, पण उद्याच्याला पुरेल एवढं आत दाबून ठेवायचं."

"एवढ्यासाठी दोन वर्षं?"

"तुम्हाला कळायला चार लागतील."

हा अभ्यासक्रम म्हणजे एक मजाच होती. त्याला स्वतःची इमारत नव्हती. सकाळचा तास अर्थशास्त्रात, दुपारचा इंजिनिअरिंगमध्ये, संध्याकाळचा समाजशास्त्रात. सगळा वर्ग लग्नाच्या वऱ्हाडासारखा सामान घेऊन आवारभर फिरायचा. प्रबंधाला मार्गदर्शकही तीन, प्रत्येक खात्याचा एक, आणि तिघांनीही मान डोलावल्याशिवाय पदवी नाही. इंजिनिअर सर, अर्थशास्त्राच्या मॅडम आणि समाजशास्त्राचे तरुण सर हे तिघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. उरलेले दोन विषय हे मुळात विषयच नाहीत, असं प्रत्येकाचं प्रामाणिक मत होतं.

काकूंनी प्रबंधाला आमचीच इमारत घेतली. ओला कचरा वेगळा करायला शिकवायचं, मागच्या अंगणात त्याचं खत करायचं आणि बाहेर जाणारा कचरा वर्षात किती कमी होतो ते मोजायचं. निम्म्यावर आणून दाखवते, असं त्यांनी इमारतीच्या सभेत आणि तिन्ही मार्गदर्शकांसमोर छातीठोक सांगितलं. तसं झालं तर पदवी, नाही तर शेवटी प्रबंधावर होणाऱ्या तोंडी मुलाखतीत नापास आणि वर आमचं हसणं. ते जास्त वाईट.

मोजायचं कसं? घरातला वजनकाटा छोटा, बाथरूममध्ये ठेवतात तसला. त्यावर कचऱ्याचा टब ठेवला की सुई टबाखाली झाकून जायची. मग प्रवासाची बॅग आपण जशी मोजतो, तसंच. अहोंना काट्यावर उभं करायचं, त्यांच्या हातात टब द्यायचा, काकूंनी खाली वाकून सुई बघायची आणि त्यातून अहो वजा करायचे. अहोंचं वजन पहिल्याच दिवशी एकदा घेऊन ठेवलं होतं. "लग्नात शिवलेला कोट आजही बसतो त्यांना," काकू गिऱ्हाइकांना ऐकवायच्या. प्रबंधात त्यांनी अहोंचा उल्लेख 'स्थिरांक' असा केला आणि ते पान कौतुकाने अहोंना वाचूनही दाखवलं.

दर रविवारी सकाळी ही वरात निघायची. पुढे टेप लोंबकळणाऱ्या काकू, मागे काखेत काटा घेतलेले अहो. मजल्या-मजल्याला एक टब. पहिला मजला, दुसरा, तिसरा, असे सहाही. दारादारांतून लोक डोकावायचे. चौथ्या मजल्यावरची आजी तर विचारायची, "आज किती भरले गं?" तिला शेवटपर्यंत वाटत होतं की नवऱ्याचंच वजन करताहेत.

वर्ष सरलं. मुलाखत पंधरवड्यावर आली, आणि काकूंनी आकडे मांडून बघितले तर कचरा कमी नाही. वाढला होता! अंगणात खताचे ढीग, मिरचीची रोपं कमरेएवढी, आणि आकडे म्हणतात की इमारत पूर्वीपेक्षा जास्त टाकते. काकूंचा चेहरा उलट्या शिवलेल्या बाहीसारखा झाला.

तिन्ही मार्गदर्शक मात्र खूश. इतके, की तिघंही पहिल्यांदाच एकत्र, काकूंच्या दुकानात, अर्धवट शिवलेल्या कोटांखाली दाटीवाटीने बसले.

"साधी गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "कचरा मोजला जातोय म्हटल्यावर लोकांना तो टाकायचा परवानाच मिळाल्यासारखं वाटतं. म्हणून जास्त टाकतात. यावर मी लेख लिहिणार आहे."

"मॅडम, हा मूक निषेध आहे," समाजशास्त्राचे सर पुढे सरसावले. "काकू, तुम्ही सत्ता, ते प्रजा. सहाही मजल्यांवर वाढ अगदी सारखी आहे, बघा. केवढी एकजूट!"

"आमच्या इमारतीत एकजूट?" मी दारातून म्हणालो. मी कोटाचं बटण लावून घ्यायला गेलो होतो. बटण शाबूत होतं, पण तिथे असणं गरजेचं होतं.

इंजिनिअर सर आलेख डोळ्यांजवळ धरून बसले होते. "वाढ फारच सुबक आहे. माणसं इतकी सुबक वागत नाहीत. हा दमटपणा. कचरा पाणी धरतोय."

"वर्षभर? वाढत्या क्रमाने?" मॅडम म्हणाल्या. "सर, कचरा आहे की स्पंज?"

मग जी जुंपली! तीन विद्वान, तीन सिद्धांत, आणि मधे काकू रडकुंडीला. तिघांनीही निरोप घेताना एकच सांगितलं, मुलाखतीत माझीच बाजू मांडा. म्हणजे दोघं नापास करणार, हे पक्कं.

मुलाखतीला चार दिवस राहिले होते. काटा विद्यापीठात न्यायचा होता, तो उचलणार अहो, म्हणून काकूंनी त्यांची चांगली पँट इस्त्रीला काढली. पँट काकूंनीच शिवलेली. ती उलटी केली आणि काकूंचा हात थांबला. मी बटणासाठी परत गेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं प्रत्यक्ष ऐकलेलं आहे.

"अहो."

"काय गं?"

"इकडे या."

"पेपर वाचतोय."

"पेपर घेऊन या." अहो आले. "मागची ही शिवण कुणाची?"

"तुझीच की."

"माझी शिवण मला कळत नाही? कोण आहे ती?"

अहोंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बेकरीच्या माडीवर असते," ते पुटपुटले. "शिवणकाम करते. अजून पाटी लावलेली नाही."

"किती वेळा गेलात?"

"तीनदा."

"मी इथे मशीनवर बसलेली असताना तुम्ही दुसऱ्या शिंपिणीकडे?" काकूंचा आवाज असा चढला की समोर औषधवाल्याने गिऱ्हाइकाच्या सुट्या गोळ्या मोजायच्या थांबवल्या.

"अगं, सहा मजले चढून उतरलं की भूक लागते. मग बेकरी. एक पेस्ट्री. मग दोन. पँट बसेना झाली. तुला कसं सांगणार? तू मला स्थिरांक केलंस, छापून दिलंस! एकदा स्थिरांक झालेल्या माणसाने जाड व्हायचं कसं?"

गळ्यातला टेप काढून काकूंनी अहोंचा सदरा वर केला, टेप पोटाभोवती फिरवला, आकडा बघितला. वर्षभर त्या पोटासमोर टब होता आणि काकूंचे डोळे सुईवर, दिसणार कसं?

"काटा आणा!"

अहो काट्यावर चढले ते फासावर चढल्यासारखे. सात किलो वाढले होते. काकू चिंध्यांच्या गाठोड्यावर मटकन बसल्या. मला वाटलं, आता हंबरडा. तर बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"सहा मजले, अहो! सहा टब! तुमची ढेरी मी दर रविवारी सहा वेळा कचऱ्यात धरली!"

"म्हणजे मी कचरा?"

"तुम्ही कचरा नाही हो. कचरा कमी झालाय! निम्मा झालाय!"

पण ढेरी काही एका रात्रीत येत नाही. कुठल्या महिन्यात किती वजा करायचं? काकू तशाच उठल्या, पँट हातात, टेप गळ्यात, आणि निघाल्या मागच्या गल्लीत. मागे अहो. मागे मी, सभ्य अंतर ठेवून. औषधवाला मागच्या दारात खुर्ची टाकून तयार होता. "झिंज्या उपटणार," तो म्हणाला. त्याने दारात उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईक बाईंना हाताने बाजूला केलं, नीट दिसावं म्हणून.

माडीच्या खिडकीत दोघी दिसल्या. पँट उलटी करून उजेडात धरली होती आणि त्यावर डोकी अशी जुळली होती, जशी सख्ख्या बहिणींची. दर वेळी शिवण उसवून पुढे सरकवली की कापडात जुन्या टाक्यांची भोकं राहतात. तिथे भोकांच्या तीन रांगा होत्या. कोणती कधीची, ते त्या बाईला पक्कं आठवत होतं. पहिली रांग ती राहायला आली तेव्हाची, पहिलं गिऱ्हाईक म्हणून. दुसरी तिच्या मुलीच्या परीक्षेच्या आठवड्यातली. तिसरी परवाची. म्हणजे कंबर कधी किती वाढली, याची नोंदच.

"मार्जिन काय ठेवलंय हो तुम्ही!" ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची पँट असती तर पहिल्या वेळीच संपली असती."

टेपकाकू लाजल्या. मी हे स्वतः पाहिलं.

औषधवाला मात्र हिरमुसला. संध्याकाळी त्याने बातमी दुरुस्त करून सोडली: नवऱ्याच्या त्या बाईला काकू आता स्वतःच विद्यापीठात घेऊन जाणार आहेत. आणि गंमत म्हणजे, ती शब्दशः खरी होती.

मुलाखतीच्या खोलीत टेबलावर पँट, जमिनीवर काटा, काट्यावर अहो, आणि साक्षीला बेकरीवरची शिंपीण. तिन्ही मार्गदर्शकांचे सिद्धांत एका ढेरीने जमीनदोस्त झाले. समाजशास्त्राच्या सरांनी दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे एकजूट नव्हतीच?" "नव्हती," मॅडम म्हणाल्या. "परवानाही नव्हता." इंजिनिअर सर तेवढ्यात कंबर आणि वजन यांचा आलेख काढत होते, आणि बाकीचे दोघं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. एवढी वर्षं न बोललेले तिघं एका माणसाच्या पोटावर गप्पा मारायला लागले!

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हसून हसून चष्मा काढून ठेवला होता. तो पुसत त्यांनी विचारलं, "आणि या सात किलोंचं पुढे काय करणार?"

"ते माझ्या विषयाबाहेरचं आहे," काकू म्हणाल्या.

"या अभ्यासक्रमात विषयाबाहेरचं काही नसतं हो काकू," समाजशास्त्राचे सर म्हणाले.

"मग शिवणीत अजून थोडं मार्जिन आहे, सर."

पास! पहिल्या श्रेणीत! त्या दिवशी काकूंनी बेकरीतून सगळ्या इमारतीला पेस्ट्र्या वाटल्या. चौथ्या मजल्यावरच्या आजीने दोन घेतल्या आणि विचारलं, "शेवटी किती भरले गं?" अहोंनी एकही घेतली नाही. निदान समोर तरी.

अजूनही कुणी नवीन भाडेकरू आला की औषधवाला त्याला पट्ट्याची आणि क्रीमची गोष्ट सांगतो, अर्धीच, आणि उरलेली ऐकायला माझ्याकडे पाठवतो. म्हणून लिहून ठेवतो. टेपकाकूंचा नवरा बेकरीत पेस्ट्री खायचा आणि मग माडीवरच्या शिंपिणीकडून पँटची कंबर सैल करून घ्यायचा. बाकी काही नव्हतं.