शर्टाच्या खांद्यावरचं दूध

ह्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खांद्याला आंबट दुधाचा वास आला. नातवाचं दूध पिऊन झालं की त्याची ढेकर हल्ली हेच काढतात.

सत्त्याऐंशी साली आम्ही जामनेरला होतो. माझी सुनंदा महिन्याची होती. तिला पाजून खांद्यावर घेणार, तोच सासूबाईंची हाक आली, "भाकरी टाक वं, आबा जेवाले बसले." मी तिला ह्यांच्याजवळ निजवलं. समोर पाटावर आबा, माझे सासरे. वडिलांदेखत आपलं मूल उचलायचं नाही, ही त्या घरची रीत.

चुलीपाशी मला तिची घुसमट ऐकू आली. पिठाच्या हातांनीच धावले. दूध नाकातोंडातून आलं होतं. हे हातभर अंतरावर, आबांकडे बघत बसलेले. मी तिला कुशीवर वळवलं, दूध ओघळू दिलं, मग खांद्यावर घेऊन पाठ थोपटली. तिने टाहो फोडला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"उचललं का नाही?" मी नंतर विचारलं.

"आबा बसेल व्हते ना."

बाहेर सून कौतुकाने सांगतेय, "बाबांना बाळाची किती माया!" मी शर्टाचा खांदा घासतेय. सुनंदाच्या दुधाचा वास ह्यांच्या एकाही शर्टाला कधी आला नाही.