भाऊजींची उशिरा निघालेली वाट

भाऊजी गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत चौथीच्या वर्गावर होतो. तेलुगू मुलखातल्या मंचेरियलच्या बसस्थानकाबाहेर त्यांना भरदिवसा भोसकलं होतं. जुन्या साथीदारांपैकी कुणीतरी ओळखलं असणार. सव्वा महिना झाला. अक्काला विचारूनच हे लिहितो आहे...

लिंबाजी भाऊजी जैनथकडच्या आमच्या गावात आले ते ऐंशीनंतर लगेचच. पैनगंगेकाठी मक्त्यानं जमीन घेऊन वांगी, मेथी लावायचे. माझी थोरली बहीण, शांताअक्का, तरुणपणीच विधवा झालेली; तिच्याशी त्यांनी लग्न केलं. वांग्याचं रोप इतक्या हळुवार हातानं लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच हातांनी एका टोळीसाठी तीन माणसं मारली होती, हे मला आठ वर्षांनी कळलं.

त्या वर्षी टोळीतले दोघे मोटारसायकलवरून शेतात आले. आणखी एक काम कर म्हणाले. भाऊजींनी साफ नकार दिला. तेव्हा जाता जाता त्यांनी सांगितलं, की तुझ्या एका खुनाची सजा राजय्या नावाच्या हमालानं भोगली, आणि तो तुरुंगातच मेला. भाऊजींना हे तोवर ठाऊक नव्हतं. चार दिवस ते जेवले नाहीत. मग बांधावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. राजय्याची म्हातारी आई मंचेरियलजवळच्या वस्तीत एकटी होती. खुन्याची आई म्हणून तिच्या दारात कुणी जात नव्हतं.

"मी जातो मास्तर," ते म्हणाले. "तिले सांगतो, तुह्या पोरानं नाही मारलं, म्या मारलं. मंग ठाण्यात जातो."

मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, "अक्काचं कपाळ दुसऱ्यांदा पांढरं करता का तुमी? गप राहा."

ते गप राहिले. सहा वर्षं. लग्नाच्या पंगतीत बसले नाहीत, कुणाकडून नमस्कार घेतला नाही. कुणाचं लेकरू पायाशी वाकलं की मागं सरायचे... मी पाहत होतो, आणि माझी बहीण सुखात आहे असं स्वतःला समजावत होतो. मग एक दिवस मला न सांगता ते मंचेरियलला निघाले.

तेरावं झाल्यावर मी एकटाच त्या वस्तीत गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारीण तेलुगूत म्हणाली, म्हातारीला जाऊन दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत ती वाटेनं जाणाऱ्यांना थांबवून सांगायची, माझ्या पोरानं कुणाला मारलं नाही. भाऊजी निघाले होते ते या कुलपाकडे. मी अडवलं तेव्हा ते दार उघडं होतं.

परवा अक्कानं मला शेतातल्या झोपडीत नेलं. बियाण्याच्या मडक्यामागून तिनं दुरेघी वही काढली. भाऊजींना लिहिता येत नव्हतं. दुपारची भाकर झाली की अक्का त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घ्यायची.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"तू नाही म्हनलं त्याच वर्षी सांगतलं होतं त्यायनं. म्या म्हनलं, जा. त्यायचं एकच, मास्तर नाही म्हनते."

मी वही उघडली. वहीत पानापानावर एकच ओळ होती : राजय्यानं मारलं नाही, मी मारलं. पहिल्या पानांवर काने-मात्रा वेड्यावाकड्या, कुठं कागद फाटलेला. शेवटच्या पानावर अक्षर चांगलं वळणदार झालं होतं.