पाण्याच्या आवाजातले फोन

तरुण मुलांच्या मनाच्या दवाखान्यात ती फोन घ्यायची, वेळा द्यायची. येणारी पोरं तिला फोनमावशी म्हणत. एरवी जीभ तिखट, पण फोन कानाला लागला की आवाजात साखर. साथ आली, दवाखान्याला कुलूप लागलं आणि तिथला फोन तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर येऊन बसला.

आधी सगळं चिडीचूप झालं. रोज खणखणणारा फोन मुका झाला. "कॉलेजं बंद, परीक्षा नाहीत, आईबाप घरात. पोरं सुखात असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मावशीलाही पटलं. पटायला सोपं होतं ना!

मग ते फोन सुरू झाले. पलीकडे कोणी बोलायचं नाही. नुसतं पाणी पडत असायचं, धो धो, आणि त्यामागे कुणाचा तरी श्वास. दवाखान्याचा नियम असा, की दोन-तीनदा हॅलो म्हणायचं, उत्तर नाही आलं तर ठेवून द्यायचा. मावशी ठेवून द्यायची. एकदा तर खेकसलीच, "लोक मरताहेत आणि तुम्हाला थट्टा सुचते!" नंबर वेगवेगळे, पाणी मात्र तेच. तिच्या अंगावर काटा यायचा. एकच कुणीतरी घराघरातून फिरतंय, असं वाटायचं.

एका दुपारी त्या पाण्यामागून पुरुषाचा आवाज आला, "अगं, किती वेळ आत? बाहेर ये!" आणि अगदी जवळून, ओठातल्या ओठात, एक पोरगी म्हणाली, "ठेवू नका ना."

मावशीला तेव्हा उमगलं. घरं माणसांनी भरलेली, भिंतींना कान. आतून कडी लावता येईल अशी जागा एकच उरली होती, आणि तिथंही नळ सोडून बोलायचं. एवढ्या पोरांच्या तोंडावर तिनं दार आपटलं होतं. त्या दिवशी ती स्वतःला शिव्या देत रडली.

तेव्हापासून ती म्हणायची, "बोलू नकोस, राजा. हो असेल तर नखानं एकदा टक कर, नाही असेल तर दोनदा." बातमी पोरापोरांत कशी पसरली देव जाणे. फोन खाली ठेवायला उसंत मिळेना. डॉक्टरीणबाईंच्या वेळा काही महिने पुढच्या मिळू लागल्या. घरातलं पाणी कुठलं आणि फोनमधलं कुठलं, हेही मावशीला कळेनासं झालं. तिची लेक काही विचारायला आली, की ती ओठांवर बोट ठेवी. लेक समजूतदार, मुकाट्यानं मागे फिरे.

असाच एक फोन आला. नंबर बघायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. पाणी. श्वास.

"झोप लागते का?"

टक टक.

"जगणं नको वाटतं का?"

बराच वेळ पाणीच. मग, टक.

"घरात आई आहे?"

टक.

"तिला सांगितलंस?"

टक टक.

तेवढ्यात रस्त्यावरून रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली. एका कानानं तिनं तो खिडकीतून ऐकला, दुसऱ्या कानानं फोनमधून. दूर जाताना दोन्हीकडे तो सारखाच विरत गेला. मावशी वळली. बाथरूमचं दार बंद होतं, खालच्या फटीतून उजेड येत होता.

धावत जाऊन दार बडवावं, पोरीला पोटाशी धरावं, असं तिला झालं. पण फोन ठेवला की पलीकडचं माणूस एकटं पडतं, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. ती दारापाशी गेली आणि जमिनीवर बसली. आवाज दवाखान्यातलाच ठेवला.

"मी ठेवत नाही हं. तुझ्या आईला बोलावू का?"

मग नळ बंद झाला. आवाज दारातूनही आला आणि फोनमधूनही.

"तिला वेळ नसतो, मावशी," लेक म्हणाली. "म्हणून तर इथं फोन केला."