विश्वेशरावांचा ताळम

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत वर विश्वेशराव, खाली त्यांची थोरली बहीण राजसबाई आणि मधल्या मजल्यावर मी. सहा वर्षं ही भावंडं एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत आणि त्यापायी माझ्या चपला झिजल्या. "जयवंती, त्या माणसाला हा रसमचा डबा द्या." तो माणूस म्हणजे सख्खा भाऊ! मी डबा घेऊन जिना चढायची. वरून निरोप यायचा, "अक्काला सांगा, मीठ कमी आहे." हा निरोप मी कधी खाली पोचवला नाही. मी साताऱ्याची, बँकेतून रिटायर झालेली बाई. जीभ माझीही तिखट आहे, पण आगीत तेल ओतायची हौस मला नाही.

ही तंजावरकडची मराठी मंडळी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच, त्यामुळे मराठी जुनी आणि हेल तमिळ. विश्वेशराव रेल्वेच्या हिशेब कचेरीत होते आणि सुटीच्या दिवशी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोला वाजवायचे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा घोगऱ्या आवाजाचा थोरला भाऊ. स्टुडिओत ते युरोपातली स्वरलिपी वाचायला शिकले आणि तिथंच त्यांना विसाव्या शतकातल्या तिकडच्या रचनाकारांचं वेड लागलं. त्या रेकॉर्डी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा मला वाटलं, वर कुणी लोखंडी कपाट फरफटत नेतंय. कपाट कसलं ओढताय म्हणून तणतणत वर गेले, तर ह्यांनी मला खुर्ची दिली, कापी दिली आणि समजवायलाच बसले.

म्हणाले, तो बार्टोक यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडला, शेतकऱ्यांची गाणी भरून आणली, आणि मग त्याच्या स्वतःच्या संगीतात त्या गाण्यांची उडती, तिरकी चाल उतरली. मेसियाँ रानात बसून पाखरांचे आवाज स्वरांत टिपून ठेवी. शोस्ताकोविचच्या रशियात तोंड उघडायची चोरी, तर त्यानं आपल्या नावाची अक्षरं स्वरांत गुंफली आणि भर सभेत वाजवली. "जे बोलायला होत नाही ना जयवंती, ते ही माणसं वाजवतात. अर्थ सांगत नाहीत. ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर तो ओळखतो."

"आणि ठाऊक नसेल तर?"

"तर कपाट ऐकू येतं," म्हणाले. बरी जिरवली माझी.

राजसबाईंना हे कुठलं पटायला! त्यांनी जन्मभर शाळेत मुलींना कर्नाटक संगीत शिकवलेलं. त्यांचं एकच म्हणणं, शब्द आहेत म्हणून अर्थ आहे. देवाचं नाव नाही, साहित्य म्हणजे गाण्याचे बोल नाहीत, नुसतं कुंईकुंई, त्याला गाणं कोण म्हणेल? पण त्यांची आणि भावाची एक खोड सारखी होती. कानावर काही पडलं की उजवा हात मांडीवर गेलाच. आधी थाप, मग करंगळीपासून एकेक बोट मोजत, मग उलटा हात. टीव्हीवरच्या बातम्यांनासुद्धा बाई ताळम धरायच्या.

ह्याच खोडीनं घात केला. त्यांची आई गेली त्या दुपारी मी तिथंच होते. म्हातारीचा श्वास अडखळत चालला होता, एक यायचा, मग नुसती वाट बघायची, मग दुसरा. राजसबाई उशाशी बसून देवाचं नाम गात होत्या. विश्वेशराव पायाशी. त्यांचा हात मांडीवर पडत होता, बोटं मोजली जात होती, पुन्हा थाप. राजसबाईंचं लक्ष गेलं आणि त्या गाता गाता थांबल्या. "अय्यो, आई चालली आणि तू ताळम घालतोस? गाण्याच्या कच्चेरीला बसलायस?"  त्यांचा हात थांबला नाही. आई गेली, तेरावं झालं, आणि अबोला सुरू झाला.

मी एकदा त्यांना फैलावर घेतलं. अहो, माफी मागा, जीभ झिजते का? म्हणाले, "कशाची मागू? मी काय करत होतो ते मज सांगता येत नाही." मला इतका राग आला! साठी उलटलेला माणूस, आणि बहिणीशी चार वाक्यं बोलता येत नाहीत.

मग त्यांनी लिहायला घेतलं. चार वाद्यांची रचना, दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि त्याहूनही ढाल्या आवाजाचा एक चेलो. लिहून झाली, आणि नुंगंबाक्कमच्या एका लहान हॉलमध्ये वाजवायचं ठरलं. चेलोला जननी, सिरुसेरीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी, लहानपणी राजसबाईंकडेच गाणं शिकलेली. कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी आयोजकांनी विचारलं, रचनेचा अर्थ काय ते दोन ओळींत द्या. ह्यांनी दिला नाही, नावसुद्धा दिलं नाही. मला मात्र म्हणाले, "अक्का आली म्हणजे पुरे. बाकीचे उठून गेले तरी चालेल. तिनं नाही ओळखलं, तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

मी खाली जाऊन बाईंच्या मागे लागले. आधी नाही, नाही आणि नाहीच. शेवटी म्हणाल्या, "जननीसाठी येईन. त्या माणसासाठी नव्हे." कांजीवरम नेसून आल्या आणि माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसल्या.

सुरुवात चेलोनं झाली. एक खरखरीत, ओढलेला स्वर. मग काहीच नाही. मग पुन्हा तोच. बाकीची वाद्यं वर बारीक काहीतरी विणत होती. चेन्नईची माणसं ती, अर्ध्या हॉलचे हात मांडीवर गेले. पण ताळम जुळेना! कधी दुसरा स्वर लवकर, कधी उशिरा. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर मामांनी जननीकडे असं डोळे वटारून पाहिलं, जणू पोरगीच चुकतेय. हळूहळू सगळ्यांनी हात मागे घेतले. कुणी घड्याळ बघितलं, कुणी घसा खाकरला.

राजसबाईंचा हातही थांबला होता. मी तिरप्या नजरेनं बघत होते. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या, आणि मग हात पुन्हा मांडीवर आला. थाप. बरोबर चेलोच्या स्वरावर. वाट बघून पुन्हा थाप, पुन्हा बरोबर. सगळ्या हॉलमध्ये त्या एका बाईचा ताळम चुकत नव्हता. आता मलाही कळलं होतं आम्ही काय ऐकतोय ते. वरची व्हायोलिनं एकेक करून गप्प झाली. चेलोचा एक स्वर, थोडी जागा, आणखी एक स्वर. संपलं.

कुणी उठेना. शेवटचं मंगळम गाऊन झाल्याशिवाय कच्चेरीतून उठायची इथं रीत नाही, आणि मंगळम तर नव्हतंच. मग टाळ्या झाल्या. ते मामा म्हणाले, "सार, ह्याचा अर्थ काय? समुद्र का?"

विश्वेशराव स्वतः वाजवायला नव्हते, कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मामांकडे पाहिलंच नाही. राजसबाई उठून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"विशू, शेवटचं चुकलास."

सहा वर्षांनी पहिलं वाक्य हे! मला हसावं की रडावं कळेना.

"शेवटच्या दोहोंमधली जागा तू लहान ठेवलीस. त्याहून मोठी होती. मज वाटलं, झालं, गेली आई. आणि मग आणखी एक श्वास आला."

"अक्का, तुला कसं—"

"मीही मोजत होते रे. तोंडानं नाव घेत होते आणि मनात मोजत होते. पुढचा येतो की नाही, येतो की नाही. तुझा हात दिसला, म्हणून तुला बोलले. माझं कुणाला दिसलं नाही."

 विश्वेशराव म्हणाले, "किती होती जागा?"

बाई शेजारच्या खुर्चीवर टेकल्या. भावाच्या मांडीवर त्यांनी एक थाप दिली आणि हात वर उचलला. जननी हातातला चेलोचा गज तसाच धरून बघत होती, मी बघत होते. किती वेळ तो हात खाली येईचना. मग आला.